नवव्या दिवशीही बाळाचं वजन जन्माइतकं झालं नाही, वरचं दूध सुरू करावं का?

चांदणचाहूल

नमस्कार. माझी मुलगी आज ९ दिवसांची आहे. पहिलंच बाळंतपण. दिवस पूर्ण भरले होते, कळाही सुरू झाल्या होत्या, पण खूप वेळ झाला तरी पुढे सरकेना, म्हणून शेवटी सिझेरियन करावं लागलं. तिला आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध दिलंय.

आकडे सांगते. जन्मतः ३,१४० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा २,८८०. पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे दाखवायला नेलं तेव्हा २,८६०. त्यांनी बाळाला नीट तपासलं, कावीळ फारशी नाही म्हणाले, पाजत राहा आणि पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. तिथून निघाले तेव्हा मन निवांत होतं.

मग एका मैत्रिणीने तिच्याकडचा बाळांचा डिजिटल वजनकाटा वापरायला दिला. काल सकाळी वजन केलं, २,९१०. काल संध्याकाळी २,९९०! मी आनंदाने दोन्ही घरी फोन केले. आणि आज सकाळी बघते तर २,९३०. एका रात्रीत ६० ग्रॅम गेले कुठे? रात्रभर तर पाजत होते.

आई म्हणते दूध पुरत नाहीये, वरचं सुरू कर, लेकराला उपाशी ठेवू नकोस. सासूबाई म्हणतात घाई करू नकोस, बाळ पिवळी शी करतंय म्हणजे पोटात जातंय. नवरा दोघींकडे बघतो आणि मग माझ्याकडे. मी वाचलं होतं की दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघायला हवं. अजून २१० ग्रॅम कमी आहेत आणि हातात पाच दिवस. नाही झालं तर? कुणाच्या बाळाला इतका वेळ लागला होता का?

मोरपीस

काळजी करू नका. आमच्याकडेही असंच झालं होतं. प्रत्येक वेळी पाजून झालं की वरून ५० मिली फॉर्म्युला द्यायचा आणि मधूनमधून उकळून गार केलेलं पाणी. आठवड्याभरात बाळसं धरलं. आता मुलगा शाळेत जातो, ठणठणीत आहे.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते, बरीच वर्षं, त्यातली बहुतेक रात्रीच्या ड्यूटीत. वजनं घ्यायचं काम पहाटे असायचं, त्यामुळे काट्यावरचा आकडा थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहिलेली आई मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. तुमचा धागा वाचून गप्प बसवेना.

मोरपीस, राग मानू नका, पण पाणी अजिबात नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नाही, उकळलेलंसुद्धा. एवढ्याशा पोटात पाणी गेलं की तेवढी दुधाची जागा जाते, वजन वाढायचं तिथेच अडतं, आणि पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. वरच्या दुधाला माझा विरोध नाही. गरज असते तेव्हा ते द्यावंच लागतं आणि त्यात आईला कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. पण दर वेळी सरसकट ५० मिली दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, आणि बाळ जितकं ओढेल तितकंच दूध तयार होतं. मग 'दूध पुरत नाही' हे खरंच होऊन बसतं. म्हणून द्यायचं की नाही, किती द्यायचं आणि कधी बंद करायचं, हे बाळाला तपासलेल्या डॉक्टरांनी ठरवावं.

आता चांदणचाहूल, तुमचे आकडे. ग्रॅममध्ये विचार केला की भीती वाटते, टक्केवारी काढा. ३,१४० मधून २,८६० गेले, २८० उरले. २८० भागिले ३,१४०, गुणिले १००: जवळजवळ ९ टक्के. पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळं ५ ते ७ टक्के उतरतात, अंगावर पिणाऱ्या बाळांत १० टक्क्यांपर्यंतची घट पाहायला मिळते. १० च्या वर गेलं की बाळ, आई आणि पाजणं हे तिन्ही नीट तपासायचं, हा आमच्याकडचा नियम होता. तुमची मुलगी त्या रेषेच्या अलीकडे होती. जवळ होती, म्हणूनच डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असणार.

वजन उतरतं कशामुळे, तेही सांगते, कारण बऱ्याच आया ती स्वतःची चूक धरून बसतात. बाळ जन्माला येतं ते अंगात जादा पाणी घेऊन येतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ते लघवीतून टाकतं. पोटातली काळी चिकट शी बाहेर पडते. येणारं दूध म्हणजे चीक, तो पहिल्या दिवशी एका वेळी जेमतेम चमचाभर असतो. तेवढाच पुरेसा असतो, पण त्याने वजन वाढत नाही. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. पहिलं बाळंतपण आणि त्यात सिझेरियन असेल तर आणखी एखादा दिवस.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट असू शकते. कळांमध्ये बराच वेळ गेला, नंतर सिझेरियन, म्हणजे तुम्हाला सलाईन बरंच लागलं असेल. आईच्या अंगात गेलेल्या त्या पाण्याचा वाटा बाळालाही मिळतो. जन्माचं वजन त्यामुळे थोडं फुगलेलं येतं आणि पहिल्या २४ तासांत बाळ ते पाणी लघवीवाटे काढून टाकतं. कॅनडातल्या २०११ च्या एका अभ्यासाने तर असं सुचवलं होतं की अशा बाळांची घट जन्माच्या वजनापासून न मोजता २४ तासांनंतरच्या वजनापासून मोजावी. सगळीकडे तसं करत नाहीत. तरीही २१० ग्रॅमची 'तूट' म्हणताना त्यातला काही भाग नुसतं पाणी होतं, हे लक्षात असू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजायला सुरुवात सर्वांत खालच्या आकड्यापासून करायची. तुमच्या मुलीचा तळ २,८६० च्या आसपास. तिथून पुढे रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम चढत असेल तर गाडी बरोबर चालली आहे. जन्माच्या आकड्याकडे बघत बसलात तर वाढणारं बाळसुद्धा कमीच दिसत राहील.

आता ते ६० ग्रॅम. संध्याकाळचं वजन कसं घेतलं होतं? माझा अंदाज, पाजून झाल्यावर, झबलं आणि डायपर घालून. आणि सकाळी उघड्या अंगाने, पाजायच्या आधी. ९ दिवसांचं बाळ एका वेळी ५०-६० ग्रॅम दूध सहज पितं, भिजलेला डायपर आणखी भर घालतो. ते वजन बाळाचं नव्हतंच. सकाळ ते सकाळ बघा: २,९१० ते २,९३०. वीस ग्रॅम वाढ. तुमच्या आकड्यांत आनंदाची बातमी होती, ती संध्याकाळच्या आकड्याने झाकली.

मी वजन कसं घ्यायची ते सांगते. काटा टेबलावर नाहीतर फरशीवर, सपाट आणि न डुगडुगणाऱ्या जागी. गादीवर, सतरंजीवर कधीही नाही. त्यावर पातळ दुपटं अंथरायचं, मग शून्याचं बटण दाबायचं. खोलीत वारा नको, पंखा बंद. बाळाचा डायपरसुद्धा काढायचा. एक हात बाळाच्या वर, न टेकवता, धरून ठेवायचा. गार लागलं की बाळ दोन्ही हात फेकतं आणि आकडा नाचायला लागतो, २,९१०, २,९४५, २,८९०. तेव्हा लिहायचं नाही. छातीवर तळहात हलकेच ठेवायचा, ते शांत झालं की हात वर घ्यायचा आणि आकडा थांबला की तोच लिहायचा. रोज तीच वेळ, पाजायच्या आधी. आणि काटा तोच. दोन काट्यांत ३०-४० ग्रॅमचा फरक अगदी नेहमीचा, म्हणून दवाखान्यातला २,८६० आणि घरचा २,९३० यांची वजाबाकी करून काहीच कळत नाही. पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळी घरी वजन करून निघा, मग तिथे करा. दोन काट्यांमधला फरक कळेल.

हे सगळं झालं तरी वजन हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा तुम्हालाच सांगायचाय. चोवीस तासांत किती वेळा शू होते, ओला डायपर जड लागतो का? शी किती वेळा, रंग कसा? डायपरवर विटकरी डाग दिसतात का? दिवसाउजेडी किती वेळा पिते, रात्री किती? पिताना गिळल्याचा आवाज येतो का? स्वतःहून उठते की उठवावं लागतं?

चांदणचाहूल

ताई, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, डोळ्यांत पाणी आलं. हो, संध्याकाळी तिला झबलं होतं, डायपर होता, आणि पाजून झाल्याझाल्याच काट्यावर ठेवलं होतं. मला वाटलं पंधरावीस ग्रॅमचा फरक पडत असेल फार तर.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. शू सहा-सात वेळा, डायपर चांगला जड असतो. शी तीन-चार वेळा, पिवळी, पातळ, त्यात दाणे दाणे असतात. विटकरी डाग दुसऱ्या दिवशी दिसला होता, मी रक्त समजून ओरडलेच होते, नंतर नाही दिसला. पिते साधारण दहा वेळा. दिवसा स्वतः रडून उठते, रात्री एकदोनदा उठवावं लागतं. गिळल्याचा आवाज सुरुवातीला भराभर येतो, मग कमी होतो आणि ती नुसती चोखत पडून राहते. तेव्हा काय करायचं ते कळत नाही. काढून घेतलं की रडते.

सोनचाफा

चांदणचाहूल, तुमची उत्तरं वाचून मलाच हायसं वाटलं. तरीही माझा अनुभव लिहिते, कारण हा धागा उद्या दुसरी एखादी आई वाचेल आणि तिच्या बाळाचं चित्र वेगळं असेल.

माझा मुलगा जन्मला तेव्हा २,७८० होता. साधं बाळंतपण. फार शांत बाळ. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती गुणी आहे, रडतच नाही. चार-चार तास झोपायचा. अंगावर घेतलं की दोन मिनिटं ओढायचा आणि डोळे मिटायचा. पाचव्या दिवशीही शी हिरवट-काळीच होती. सहाव्या दिवशी डायपरवर पुन्हा विटकरी डाग दिसला आणि तो दिवसभरातला दुसराच ओला डायपर होता. माझ्या थोरल्या बहिणीने त्याला हातात घेतलं, ओठांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, चल, आत्ता निघायचं.

दवाखान्यात वजन २,४५०. जवळजवळ १२ टक्के घट. रक्तातलं सोडियम वाढलेलं होतं, कावीळही वाढली होती. दाखल करून घेतलं. तो रडत नव्हता कारण रडायलाही त्याच्यात जोर उरला नव्हता, हे तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं. शांत बाळ आणि गळून गेलेलं बाळ यांतला फरक त्या दिवशी मला कळला. भूक लागली की चाळवाचाळव करणारं, मुठी तोंडात घालणारं, नाही मिळालं की घर डोक्यावर घेणारं बाळ मला आजही चांगलं वाटतं.

तिथे कळलं की तो नीट धरतच नव्हता. नुसतं टोक तोंडात घ्यायचा. एका स्तनपान सल्लागार बाईंनी मला बसायला शिकवलं, त्याची हनुवटी आधी टेकवून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला शिकवलं. दर दोन-अडीच तासांनी उठवायचं, दोन्ही बाजूंना पाजायचं, मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने, आणि ते कमी पडेल तेवढा फॉर्म्युला. काही दिवस घरात दुसरं कुठलंच काम झालं नाही. माझं दूध जसं वाढत गेलं तसा डॉक्टरांनी फॉर्म्युला कमी करत नेला आणि मग बंद केला. जन्माचं वजन गाठायला त्याला तीन आठवडे लागले, पण तळातून वर यायला लागला तो दिसत होता, रोज.

तुम्ही विचारलंत की नुसती चोखत पडते तेव्हा काय करायचं. मला शिकवलं होतं की गिळण्याचा आवाज विरळ झाला की छाती हाताने हलकेच दाबायची. दुधाची नवी धार येते आणि बाळ पुन्हा गिळायला लागतं. तेही थांबलं की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवायचं, ढेकर काढायचा आणि दुसऱ्या बाजूला घ्यायचं. ओढून काढू नका, फार दुखतं.

आकडेमोड

बाबा लिहितोय. आमची मुलगी ३४ व्या आठवड्यात जन्मली, २,०५० ग्रॅम. म्हणून पहिले दोन महिने आमच्या घरात वजनाशिवाय विषय नव्हता. चांदणचाहूलच्या मुलीचे दिवस भरलेले आहेत, तिला हे लागू नाही, पण कुणा कमी दिवसांच्या बाळाचे आईवडील वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. अशा बाळांची घट जरा जास्त असू शकते आणि भरून यायलाही वेळ लागतो. त्यांची वाढ रोज इतके ग्रॅम अशी नाही, किलोमागे मोजतात: एका किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २० ग्रॅम. आलेखही वेगळा. आम्हाला आधी फेंटन यांचा, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांसाठीचा आलेख लावला होता, आणि तिची मूळ तारीख उलटल्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा. त्यावर वय मांडताना सहा आठवडे वजा करायचे. हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं, तिला सरळ जन्मतारखेवरून मांडलं तर ती कायम तळाच्या रेषेखाली जायची.

संघटनेच्या त्या आलेखांबद्दल थोडं, कारण मला ते समजून घेतल्यावर बरंच बरं वाटलं. त्याआधी जगभर वापरात होता तो आलेख १९७७ चा, अमेरिकेतल्या मुलांवरून केलेला, आणि त्यातली बरीच बाळं बाटलीच्या दुधावर वाढलेली. अंगावर पिणारं बाळ पहिल्या काही महिन्यांनंतर त्या रेषेवरून घसरल्यासारखं दिसायचं, आणि नीट वाढणाऱ्या बाळांनाही वरचं दूध सुरू व्हायचं. मग १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली. अंगावर पिणारी, आई धूम्रपान न करणारी, घरची परिस्थिती वाढीला पोषक. २००६ मध्ये त्यावरून नवे आलेख आले. त्यानुसार मुलींचं जन्माचं मधलं वजन ३.२ किलो, एका महिन्याला ४.२. मुलांचं ३.३ आणि ४.५. मधलं म्हणजे निम्म्या बाळांचं याहून कमीच असतं. बाळ कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपल्या रेषेच्या आसपास चालतंय का, हे डॉक्टर बघतात.

पहिल्या तीन-चार दिवसांसाठी मात्र हे आलेख फारसे कामाचे नाहीत, कारण तेव्हा वजन खाली जातं. त्यासाठी २०१५ साली अमेरिकेत फक्त अंगावर पिणाऱ्या एक लाखाहून जास्त बाळांच्या नोंदींवरून तासातासाचे आलेख केले, साध्या बाळंतपणाचे वेगळे, सिझेरियनचे वेगळे. सिझेरियनच्या बाळांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त बाळं ७२ तासांत १० टक्के किंवा त्याहून अधिक उतरलेली होती. तुमची तिसऱ्या दिवशी ८.३ टक्क्यांवर होती. त्या घोळक्यात ती अगदी सर्वसाधारण आहे.

एक विनंती, मोठ्या माणसांच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार कुणी करू नका. ते काटे १०० ग्रॅमच्या टप्प्यात दाखवतात. तुम्ही २५ ग्रॅम शोधताय.

रात्रपाळी

सोनचाफा, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. 'वाट बघा' हा सल्ला प्रत्येक बाळाला देता येत नाही, आणि तुमच्या बहिणीसारखं कुणी जवळ असेलच असंही नाही.

चांदणचाहूल, तुमच्या डायपरांनी मला उत्तर दिलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त ओले डायपर आणि तीन-चार पिवळ्या शी, म्हणजे वरून जातंय तेव्हाच खालून येतंय. दुसऱ्या दिवसाचा विटकरी डाग म्हणजे युरेटचे स्फटिक, घट्ट लघवीत दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतात. पाचव्या दिवसानंतर दिसले तर दूध कमी जातंय असं समजून त्याच दिवशी दाखवायचं. तुमच्या सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, आणि तुमच्या आईची काळजीही रास्त आहे, त्यांना हे आकडे दाखवा.

जन्माचं वजन भरून येईपर्यंत रात्री तीन तासांहून मोठी झोप होऊ देऊ नका, उठवा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं, तुमचं होतंय.

आणि हे कागदावर लिहून भिंतीला लावा: पाजायला उठवूनही उठत नाही, आठ तास शू नाही, तोंड कोरडं, टाळू खोल गेलेली, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलेला, ताप ३८ अंश किंवा वर, अंग गार पडलेलं, हिरवी उलटी. यातलं काहीही दिसलं तर वजनकाटा विसरून थेट दवाखाना, मध्यरात्र असली तरी.

घरी वजन तीन दिवसांतून एकदा पुरे. रोज केलंत तर एका शूच्या फरकाने दिवस चांगला की वाईट ते ठरायला लागेल.

चांदणचाहूल

सगळ्यांना कळवायचं होतं. अकराव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. निघण्याआधी घरच्या काट्यावर २,९८०, तिथे ३,०१०. म्हणजे आमचा काटा ३० ग्रॅम कमी दाखवतो. ताई, तुम्ही म्हणाला होतात तसंच. त्यांच्या काट्यावर पाचव्या दिवसापासून सहा दिवसांत १५० ग्रॅम वाढ झाली, रोजचे २५. डॉक्टर म्हणाले वरचं काही नको. पाजताना पाहिलं, धरते छान म्हणाले, आणि छाती दाबायची युक्ती मी आधीच करतेय हे ऐकून त्यांनी विचारलं कुणी शिकवलं. सोनचाफा, तुमचे आभार.

चौदावा दिवस आला तेव्हा ती जन्माच्या वजनाला पोचली नव्हती. आठवडाभरापूर्वी हे झालं असतं तर मी रडले असते. तळापासूनची रेघ वर जात होती म्हणून धीर धरला. आज १७ वा दिवस, डॉक्टरांच्या काट्यावर ३,१६०. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, हनुवटीखाली घडी पडली का बघ. पडली आहे!

आता दोन प्रश्न. काटा मैत्रिणीला परत देऊ का, की ठेवून घेऊ? आणि ही रोजची २५ ग्रॅमची वाढ अशीच चालू राहायला हवी का? कमी झाली तर किती कमी झाल्यावर काळजी करायची?

रात्रपाळी

वाचून फार आनंद झाला. पाठीवरची, मांड्यांवरची सुरकुतलेली कातडी भरत आली असेल आता, अंघोळ घालताना बघा.

काटा देऊन टाका. जन्माचं वजन एकदा मागे पडलं आणि शू-शी नीट आहे, तर घरी वजन करायचं कारण उरत नाही. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं तर गोष्ट वेगळी. एरवी महिन्यातून एकदा, लस द्यायला नेता तेव्हा होईल तेवढं पुरे.

वाढ अशीच राहणार नाही. पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम, कधी त्याहून जास्त. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत १५ ते २० वर येते, आणि पुढे आणखी मंदावते. चौथ्या महिन्यात वाढ 'थांबली' म्हणून घाबरून येणाऱ्या आया खूप असायच्या, ती थांबलेली नसते. पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट, असा ढोबळ हिशोब. तुमच्या मुलीसाठी दुप्पट म्हणजे ६,२८०. एखाद्या आठवड्यात सर्दी झाली, नीट प्यायली नाही, तर तो आठवडा कोरडा जातो आणि पुढच्या आठवड्यात भरून निघतो. पहिल्या तीन महिन्यांत लागोपाठ दोन आठवडे दिवसाला २० च्या खाली राहिलं, किंवा आलेखावर ती आपली रेष सोडून खालच्या रेषा ओलांडत चालली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

महिन्याच्या भेटीला जाल तेव्हा वजनासोबत लांबी आणि डोक्याचा घेरही लिहून मागा. घाईत बऱ्याचदा फक्त वजनच टिपलं जातं. तिन्ही एकाच कागदावर तारखेसकट ठेवा, आणि शेजारी कुठल्या काट्यावर घेतलं तेही लिहा.